तुम्ही लोक किती शांत असता!

मंचरला राहायला येऊन मला सात वर्षं झाली. या सात वर्षांत माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त वेळा आलेलं कौतुक म्हणजे, "तुम्ही ख्रिश्चन लोक किती शांत असता हो!" भाजीवाल्या मावशी म्हणतात, मुलाच्या वर्गातल्या इतर आया म्हणतात, बँकेच्या रांगेत ओळख झालेल्या बाई म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण हे वाक्य ऐकलं की मला माझं माहेर आठवतं आणि हसू आवरत नाही. राहुरीकडच्या आमच्या गावात नळाला पाणी आलं की माझ्या दोन्ही आत्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. दोघीही रविवारच्या उपासनेला पहिल्या रांगेत बसणाऱ्या, आणि गीत म्हणतानाही आवाज तोच.

ही शांत ख्रिश्चन बाई बहुतेक हिंदी सिनेमातून आली असावी. पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती, मागे पियानो. मी बाजारातल्या एका अडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहिते, माझ्या मंगळसूत्रात वाटीच्या जागी छोटा क्रूस आहे आणि मी टिकली लावत नाही, एवढाच काय तो दिसण्यातला फरक. त्यामुळे पहिल्या भेटीत लोक गोंधळतात. मग "तुमचं मराठी किती छान आहे" असं म्हणतात. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. आमचे पणजोबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1876-78 च्या दुष्काळाच्या मागेपुढे बाप्तिस्मा घेणाऱ्या महार कुटुंबांपैकी. म्हणजे आमच्या घरात येशू मराठीतच आला, मराठीतच राहिला. मी दुसऱ्या कुठल्या भाषेत छान असणार?

तर शांतपणाबद्दल. हा लेख लिहायला बसण्याचं कारण असं की, गेल्या वर्षभरात मला हा शब्द वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामासाठी वापरताना दिसला, आणि प्रत्येक वेळी त्यातून एकच अर्थ निघाला: गप्प बस. मुलींना लहानपणापासून हे ऐकू येतंच, कुठल्याही धर्मातल्या असोत. ख्रिस्ती बायकांना त्यावर वरून एक शिक्का मिळतो. शांती हा आमच्या श्रद्धेतलाच शब्द. दर रविवारी तो आम्ही एकमेकांना देतो. मग बाई बोलायला उठली की तिला तिच्याच शब्दाने खाली बसवता येतं.

माझे मामा पाळक आहेत. पाळक म्हणजे तुम्ही ज्यांना फादर किंवा पास्टर म्हणता, ते. शिकत असताना त्यांनी हिब्रू भाषा घेतली होती. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की ते शब्दांच्या गोष्टी सांगायचे. बायबलच्या जुन्या करारात शांतीसाठी जो शब्द येतो तो 'शालोम'. हल्ली बरेच ख्रिस्ती लोक फोन उचलल्यावर 'शलोम' म्हणतात, तो हाच. या शब्दाचं जे मूळ आहे, श-ल-म, त्याचा अर्थ पुरं होणं, अखंड असणं. आणि त्याच मुळापासून 'फेडणं', 'भरपाई करणं' हे क्रियापद तयार होतं. आजच्या हिब्रूतही दुकानात पैसे देण्याला त्याच मुळातला शब्द आहे. निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात शेतकऱ्यांसाठी कायदे दिलेत. कुणी पेटवलेली आग पसरून दुसऱ्याचं उभं पीक जळालं, तर पेटवणाऱ्याने भरून द्यायचं. तिथे 'भरून द्यायचं' यासाठी हेच मूळ वापरलंय.

आंबेगाव तालुक्यात ज्यांनी कुणी शेजाऱ्याच्या पाचटाची आग आपल्या बांधावर येताना बघितलीये, त्यांना हा कायदा समजावून सांगायची गरज नाही. जळालेल्या उसावर 'जाऊ द्या, शांत व्हा' हे उत्तर नसतं. मोजदाद होते, पंच बसतात, आकडा ठरतो, पैसे दिले जातात. मग दोघं पुन्हा एका पारावर बसू शकतात. मामांच्या मते ते बसणं म्हणजे शालोम.

मी हिशेब लिहिणारी बाई आहे, त्यामुळे असेल, पण मला हा अर्थ एकदम पटला. डोंगरावरच्या प्रवचनात येशू ज्यांना धन्य म्हणतो त्यांच्यातही शांत राहणारे असा शब्द नाही. मूळ ग्रीक शब्द 'शांती' आणि 'करणं' हे दोन जोडून झालाय. करणं! म्हणजे ते काम आहे. आणि कामाला वेळ लागतो, अंग दुखतं, कधी मजुरीही बुडते.

माझं रोजचं काम पट्टी लिहिण्याचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: शेतकऱ्याने माल आणला की तो उतरवतात, लिलाव होतो, वजन होतं, आणि मग शेतकऱ्याच्या हातात जो कागद पडतो ती पट्टी. किती पिशव्या, किती वजन, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, हातात किती. पुणे-नाशिक हायवेवरचं हे गाव बाहेरच्यांना भीमाशंकरला जाताना चहा प्यायचं ठिकाण म्हणून माहीत असतं. आमच्यासाठी मंचर म्हणजे बाजार. बटाटा, कांदा, मेथी, कोथिंबीर, आणि दहा किलोला किती मिळाले हा दिवसभर कानावर पडणारा प्रश्न.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सातगाव पठारावरून एक बाबा बटाटा घेऊन आले. चाळीस पिशव्या, पन्नास-पन्नास किलोच्या. माल निवडलेला, कोरडा. दहा किलोला 180 रुपये निघाले. मी पट्टी करायला घेतली तेवढ्यात शेठ म्हणाले, "ताई, पिशवीमागे किलोभर घट धरा." घट म्हणजे माती, ओलावा, खराब माल यांच्यापोटी वजनातून कापायचं. मी म्हटलं, "शेठ, माती कुठेय?" तर म्हणाले, "तुम्ही शांत माणूस. तुम्हाला कशाला या भानगडी?"

चाळीस किलोचे होतात 720 रुपये. बाबांच्या पिकअपच्या भाड्याचा चांगला मोठा तुकडा. सरकारने 2016 मध्ये नियम बदलून भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, असं ठरवलं. तो पैसा दुसऱ्या दाराने परत यायला लागला तर घट हे फार सोयीचं दार आहे, कारण ती वजनातच मुरते. पट्टीवर 1960 किलो दिसतात आणि शेतकऱ्याला वाटतं आपल्याच काट्यात काहीतरी गडबड असेल.

मी म्हटलं, "लिहिते, पण वेगळ्या ओळीत लिहिते." आणि लिहिलं. वजन 2000 किलो. खाली घट 40 किलो, 720 रुपये. बाबांनी चष्मा लावून पट्टी वाचली, बोट त्या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, "ही कशाची?" मी शेठकडे बघितलं. शेजारच्या गाळ्यावरचे दोघं-तिघंही बघत होते. शेठ हसले, "अरे, चुकून धरली वाटतं ताईंनी," म्हणाले आणि ती ओळ खोडायला सांगितली. चूक माझ्या नावावर गेली, पैसे बाबांच्या खिशात गेले. पुढचे दोन महिने मला पट्टीच्या टेबलावरून उठवून मागच्या खोलीत जुन्या पावत्या लावायला बसवलं होतं. पगार तोच होता. धूळ फार होती.

त्या दिवशी कुणाचा आवाज चढला नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती शांतपणे झालं सगळं. आतून माझे हात कापत होते, पण ते असो.

आता आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची गोष्ट. पाण्याचा टँकर, पार्किंग, गणपतीची वर्गणी, यासाठी तो ग्रुप आहे. नाताळच्या आठवडाभर आधी त्यावर एक फॉरवर्ड आला. मजकूर तुम्ही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर वाचला असेलच. ख्रिश्चन लोक गरिबांना पैसे देऊन बाटवतात, यांच्या घरातल्या प्रार्थनांवर लक्ष ठेवा, मुलांना यांच्या केकपासून लांब ठेवा. पाठवणारे काका आमच्या समोरच्या दारातले. कोविडच्या काळात माझ्या नवऱ्याला रात्री अडीच वाजता दवाखान्यात नेलं ते याच काकांनी, स्वतःच्या गाडीतून, मास्कवर मास्क लावून.

नवरा म्हणाला, सोड. नणंदेने पुण्याहून फोन केला, ग्रुप सोड. माझ्या धाकट्या भावाने उत्तरादाखल टाकायला एक लांबलचक मजकूर लिहून पाठवला, त्यात इतिहास, राज्यघटना, सगळं होतं. तो टाकला असता तर त्याला टाळ्या मिळाल्या असत्या. त्याच्याच मित्रांच्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानात भांडण मिटवायची एक पद्धत सांगितलीये. ती मला फार व्यवहारी वाटते. आधी त्या माणसाला एकट्याला गाठ आणि त्याचं काय चुकलं ते सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना साक्षीला घेऊन जा. तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे मांड. सगळ्यांसमोर बोलणं ही शेवटची पायरी आहे. व्हॉट्सॲप आपल्याला नेमकी शेवटच्या पायरीवर पहिल्यांदा उभं करतं.

नाताळच्या करंज्या झाल्या होत्या. (हो, आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा, सगळं होतं. केक नंतर आला.) डबा घेऊन मी समोरचं दार वाजवलं. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, "काका, परवाच्या मेसेजबद्दल बोलायचंय."

ते एकदम म्हणाले, "अगं, ते तुमच्याबद्दल नव्हतं! ते दुसरे असतात ना, ते."

"त्या दुसऱ्यांच्या घरी दर बुधवारी प्रार्थना असते, काका. आमच्याकडेही असते. बाहेर आठ चपला दिसतात. उद्या कुणी ते वाचून आमच्या दाराशी आलं, तर त्याला कसं कळणार आम्ही दुसरे नाही?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी वाचलापण नव्हता पूर्ण. गावाकडच्या ग्रुपवरनं आला, ढकलला पुढे."

काकूंनी चहा आणला. करंजीत खवा आहे का ओलं खोबरं, यावर चर्चा झाली. संध्याकाळी ग्रुपवरचा तो मेसेज काकांनी डिलीट केला होता. माफी वगैरे काही लिहिलं नाही, मी मागितलीही नव्हती. फेब्रुवारीत दुसऱ्या कुणीतरी तसाच दुसरा टाकला. यावेळी त्याखाली काकांनी लिहिलं, "ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे." एवढंच. आठ शब्दसुद्धा नाहीत, पण ते त्यांनी लिहिले, मला लिहावे लागले नाहीत. त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या एकाने काकांशी बोलणं टाकलंय, ते मला काकूंकडून कळलं. त्यांनाही खर्च आलाच.

आमच्या आजीकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची कव्हर नसलेली प्रत होती. आजी ती दुपारी मोठ्याने वाचायची आणि मधेच स्वतःशीच हसायची. तुमच्यापैकी काहींनी शाळेत त्यातला धडा वाचला असेल. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे की बाजारातून आलेल्या मीठ-साखरेवरही पाणी पडायचं. अशा घरातली मुलगी. तिचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतो. तिला न सांगता. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईवर हे काय कोसळणं असेल, याचा अंदाजही मला करता येत नाही. ती रडली, आजारी पडली, नातेवाइकांकडे राहिली. पुढे नवऱ्याकडे गेली तीही स्वतःच्या अटींवर, आपलं सोवळं आणि आपली चूल वेगळी ठेवून. 1900 मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला तो आधी जातिभेदाचा स्वतःच्या डोक्याने निकाल लावल्यावर. नवऱ्याने ओढलं म्हणून ती गेली नाही.

आजीला त्यातली भांडणं आवडायची. लक्ष्मीबाई नवऱ्याशी भांडतात, रुसतात, त्याच्या उधळपट्टीची टर उडवतात, आणि 1934 पासून हे सगळं पुस्तकात छापूनही टाकतात. तो माणूस तोवर थोर कवी आणि संतपदाला पोचलेला, ख्रिस्ती लोक त्याची भजनं गात होते. आजी म्हणायची, "ही बाई खोटं गोड बोलली नाही, म्हणून त्यांचं निभलं."

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगायला हवी. टिळकांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आणि आमच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट एक नाही. त्यांनी घर, नाती, मान गमावला. आमच्या पणजोबांकडे गमावण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या मुलाला शाळेचं दार मिळालं. त्यामुळे आमच्या लोकांमध्ये मिशनबद्दल एक कृतज्ञता आहे आणि तिच्या पोटात न बोलण्याची सवयही आहे. साहेबाने दिलंय, तर साहेबापुढे कशाला बोला. पुढे साहेब गेला, त्याच्या जागी पाळकसाहेब आले, पंच मंडळ आलं. सवय तशीच राहिली. विशेषतः बायकांत.

पंडिता रमाबाईंना ही सवय नव्हती. त्यांचं मुक्ती मिशन आमच्याच पुणे जिल्ह्यात, केडगावला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्यांनी दिला त्यांच्याशीच पुढची काही वर्षं पत्रांतून वाद घातला, की माझ्या श्रद्धेबद्दल माझी सदसद्विवेकबुद्धी मला सांगेल ते मी मानीन. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी बंदोबस्तात बायकांना कसं वागवलं जातंय, यावर त्यांनी वृत्तपत्रात लिहिलं. सरकार ख्रिस्ती लोकांचंच होतं. मग म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत केलं, का तर आधीचं भाषांतर खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. 1922 मध्ये त्या गेल्या, ते बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. केडगावच्या छापखान्यात कामाला बायकाच होत्या. मुक्तीला शांततेचं स्थान म्हणतात लोक. मला तिथे आठवतो तो खिळ्यांचा खडखडाट, जो मी ऐकलेला नाही.

आवाजावरून आठवलं. आमचं घर गावाच्या कडेला आहे, मागे ऊस. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात बिबट्याबरोबर राहणं म्हणजे काय ते इथल्या पोरासोरांना माहीत आहे. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात ती पहिली गोष्ट अशी की, अंधार पडल्यावर एकटं आणि गुपचूप चालू नका. बोलत चला, मोबाईलवर गाणी लावा, काठी आपटा. बिबट्याला तुम्ही येताय हे कळलं तर तो बहुतेक वेळा बाजूला होतो. अचानक समोर गेलात तर दोघंही घाबरता. माझ्या सासूबाई संध्याकाळी दुधाला जाताना मोठ्याने गीतं म्हणत जातात. 'उपासना संगीत' त्यांना जवळजवळ पाठ आहे. शेजारच्यांना वाटतं, काय भक्ती!

इथवर लिहिलं ते तसं सोपं होतं. 720 रुपये आणि एक फॉरवर्ड.

आमच्या बुधवारच्या प्रार्थनेला येणाऱ्या आठ चपलांपैकी एक जोड दोन महिने दिसला नाही. मग ती आली, उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून. तिच्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण ती कोण हे कळू नये. आम्हा सगळ्यांना कळलं होतं. प्रार्थनेच्या विनंत्या सांगायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या घरात शांती राहावी म्हणून प्रार्थना करा." आणि आम्ही केली. डोळे मिटून, एकामागून एक, सातजणींनी.

एक वडीलधाऱ्या बाई नंतर तिला म्हणाल्या, "क्षमा कर गं. सत्तर वेळा सात वेळा. आपण शांती ठेवायची." त्या वाईट नाहीत. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं तेच केलंय. त्यांच्या काळात दुसरा रस्ता तरी काय होता? आमच्यासाठी जो घटस्फोटाचा कायदा होता तो 1869 चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नुसती मारहाण सिद्ध करून चालायचं नाही, नुसता व्यभिचारही पुरायचा नाही. व्यभिचार आणि त्याबरोबर क्रूरता, किंवा व्यभिचार आणि त्याबरोबर सोडून जाणं, अशी जोडी लागायची. नवरा फक्त मारतो? मग जा घरी. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द ठरवली आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलून क्रूरता हे एकटं कारण दोघांनाही पुरेसं केलं. म्हणजे मी शाळेत जायला लागले होते तोवर, या देशातल्या ख्रिस्ती बाईला कायदाच सांगत होता की मार खा आणि शांती ठेव. हे मला कुठल्याही प्रवचनात कुणी सांगितलेलं नाही. मी फोनवर शोधून वाचलं, त्याच रात्री.

क्षमेबद्दल मला शंका नाही. क्षमा आमच्या श्रद्धेचा कणा आहे. पण मामांनी शिकवलेलं मूळ डोक्यातून जात नव्हतं. श-ल-म. भरून द्यायचं. आग लावणाऱ्याने भरून द्यायचं असतं. जिचं पीक जळालं तिनेच राख उचलायची आणि वर हसायचं, असा अर्थ त्या शब्दातून काढायला फार ताण द्यावा लागतो. आणि ती तीन पायऱ्यांची पद्धत? तिने पहिली पायरी किती वेळा केली असेल, एकटीने, बंद दाराआड. पुढच्या दोन पायऱ्या कुणी तिला सांगितल्याच नव्हत्या.

पुढच्या बुधवारी मी तिच्यासोबत घरी चालत गेले. वाटेत ऊस होता, आम्ही मोठ्याने बोलत होतो. मी विचारलं, "दुसरी पायरी करूया का? मी येते. अजून एक कुणीतरी घेऊ." तिने बऱ्याच वेळाने विचारलं, "सासूबाई तुमच्या येतील?" हे मला अपेक्षित नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर त्या फक्त म्हणाल्या, "कधी?"

आम्ही गेलो. चहा मिळाला. तिचा नवरा नम्रपणे बोलला, बायबल उघडून बोलला, बायकांनी अधीन असावं तो भाग त्याला पाठ होता. सासूबाईंनी त्याला त्याच पानावरचं पुढचं वाचायला लावलं, नवऱ्यांनी काय करावं ते. त्याला चष्मा सापडेना. पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी तिचा फोन आला, आवाज न करता बोलत होती.

मग पाळकसाहेबांकडे. त्यांनी त्याला दोनदा बोलावलं, तो एकदाही आला नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनी पंचांपुढे विषय मांडला. दोघा पंचांना वाटलं घरचं प्रकरण घरात राहावं, मंडळीची शांती बिघडते. पाळकसाहेब म्हणाले, ती बिघडलेलीच आहे, फक्त दिसत नव्हती. त्यांच्याबद्दल माझं मत त्या दिवशी बदललं, इतकी वर्षं मला ते भित्रे वाटायचे.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा लागू आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, आपल्या लोकांसाठी वेगळं काहीतरी असेल. त्यात घटस्फोट न घेताही संरक्षण मागता येतं, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, खर्च मागता येतो. ती घटस्फोट मागत नाहीये. तिला मार बंद हवाय, आणि तिचे सोन्याचे डूल परत हवेत. ते त्याने विकले. डुलांचं वजन तिने मला तीनदा सांगितलं, दोन ग्रॅम आणि वर थोडं. अर्जात मी ते लिहिलं, वेगळ्या ओळीत.

काही जणी बुधवारी यायच्या बंद झाल्या आहेत. आता पाच चपला असतात. त्या वडीलधाऱ्या बाई मात्र येतात. माझ्याशी जरा कमी बोलतात. गेल्या आठवड्यात प्रार्थना संपल्यावर त्यांनी मला दारात थांबवलं आणि विचारलं, "मागचं जुनं असेल, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं, तर त्याचं काही होतं का गं?" मी म्हटलं, विचारून सांगते. त्या लगेच म्हणाल्या, "नाही, सहज विचारलं."

घोडेगावच्या कोर्टात तारीख येत्या मंगळवारी आहे. मंचरहून एसटीने जाणार, सकाळची गाडी. सासूबाई म्हणतात त्याही येणार, आणि डबा चौघींचा करा.